सासूबाईंच्या खोलीचे पडदे

मैत्रिणींनो, आज गोंदियाच्या बाजारात मला एक नवीनच गोष्ट कळली.

घराला नवा रंग दिलाय, म्हणून तयार पडदे घ्यायला सासूबाईंना घेऊन गेले होते. सगळ्या खोल्यांना फिकट क्रीम रंगाचे पडदे लावायचे, हे मी घरूनच ठरवलं होतं. दुकानदारही म्हणाला, "अम्माजी के कमरे में तो सादा ही अच्छा लगेगा."

तेवढ्यात सासूबाई एकदम बोलल्या, "काऊन? म्हाताऱ्या बाईले रंग दिसत नाही का? मले तो राणी कलर दाखव."

सासरे गेल्यापासून पाच वर्षं त्या फिकट लुगडीच नेसतात. मी दुकानदाराला म्हटलं, "तेच द्या."

घरी येऊन लगेच पडदे लावले. उतरतं ऊन आत आलं आणि खोलीभर गुलाबी उजेड पसरला. सासूबाईंनी खिडकीतूनच शेजारच्या काकूंना हाक मारली, "ये वो, माही खोली पाहून जा!"

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यांचा आवडता रंग मला आज कळला, कारण मी कधी विचारलाच नव्हता.

तुमच्या घरी असं कुणाला विचारायचं राहून गेलंय का?