उंटाचं खेचर

आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीचं पोट सभेला पाच मिनिटं आधी यायचं आणि अक्कल, आलीच तर, आभारप्रदर्शनाला. बहारीनमध्ये तेव्हा, सत्तरचं दशक संपता संपता, आम्हा मराठी लोकांचं गणपतीपुरतं जागं होणारं एक मंडळ होतं. सेक्रेटरी पुण्याचा होता आणि बँकेत होता. या दोन गोष्टींनंतर तिसरं काही शिकायची त्याला गरज वाटत नव्हती. गणपतीत मुलांचं नाटक व्हायचं. आदल्या वर्षी कुणीतरी स्वतःच्या डोक्याने नाटक लिहिलं आणि त्यातला दुष्ट प्रधान हुबेहूब सेक्रेटरीसारखा ढेकर देत होता. तेव्हापासून नियम झाला, नाटकाला छापील पुस्तकाचा आधार हवा.

मी तिथल्या सित्रा बेटावर एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. मी काढलेल्या रेषा एकीपुढे एक ठेवल्या असत्या तर त्यांच्यावरून चालत मुंबईला जाता आलं असतं. पण मला व्हायचं होतं लेखक. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'लेखक' या शब्दापुढे आपलं नाव यावं यासाठी मी वाटेल ते करायला तयार होतो. केलंही. तेच सांगतोय.

कंपनीच्या लायब्ररीत परीकथांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, इतकं जाड की उघडायला दोन माणसं लागायची. त्यातली तीन राजपुत्रांची गोष्ट मी नाटकासाठी निवडली. वाटेत त्यांना एक माणूस भेटतो, त्याचं खेचर हरवलेलं असतं. राजपुत्र विचारतात, ते एका डोळ्याने आंधळं आहे का? त्याचा एक दात पडलाय का? त्याच्यावर बाई बसली होती का? सगळं बरोबर निघतं, म्हणून तो माणूस त्यांनाच चोर ठरवून राजापुढे उभं करतो. राजपुत्रांनी खेचर पाहिलेलंही नसतं. रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं, म्हणून आंधळं. अर्धवट चघळलेले बोळे पडलेले, म्हणून दात नाही. एका जागी ते गुडघे टेकून बसलेलं आणि शेजारी लहान पावलांचे ठसे, म्हणून बाई.

प्रस्तावनेत गोष्टीची वंशावळ दिली होती. जन्म इराणात. तिथून ती इटालियनमध्ये गेली, इटालियनवरून फ्रेंचमध्ये, फ्रेंचवरून इंग्रजीत आणि आणखी कुठे कुठे. प्रत्येक विद्वानाने आधीच्या विद्वानाचं पुस्तक पुढ्यात ठेवून भाषांतर केलं. गोष्ट जिथून आली तिथे जाऊन विचारावं असं एकालाही वाटलं नाही. तिकडे ऊन फार.

गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगखाली एका इराणी घराण्यातल्या बहारीनी माणसाची खुबूसची, म्हणजे तिकडच्या रोटीची, भट्टी होती. त्याला सगळे हाजी म्हणायचे. तंदूरमधून तो खुबूस असा भिरकवायचा की दुसऱ्या मजल्यावर आमच्या ताटात पडायचा. बायको जेवणाच्या वेळी खिडकी उघडी ठेवायची. खोटं वाटत असेल तर वाटो. खाली रांगेत उभा राहिलो, तरी माझ्यासाठी तो फुगलेला, कडेला कुरकुरीत असा निवडून काढायचा आणि 'सदीक', म्हणजे दोस्त, म्हणून हातात द्यायचा.

एका दुपारी मी त्याला राजपुत्रांची गोष्ट सांगू लागलो. तिसऱ्या वाक्याला त्याने मला थांबवलं आणि पुढची स्वतःच सांगितली. एका बाजूला मुंग्यांची रांग, कारण पाठीवरल्या ओझ्यातलं तूप सांडत होतं. दुसऱ्या बाजूला माशा, कारण मध. हे माझ्या जाड पुस्तकातून कुठल्या तरी सरहद्दीवर गळून पडलं होतं.

"ये मेरा मां का कहानी है, सदीक," तो म्हणाला. "लेकिन खच्चर कायको? ऊंट है. खच्चर कभी नीचे बैठता है, औरत को उतारने को?"

युरोपातल्या पंडितांनी उंट चित्रात पाहिला असेल. मी दर शुक्रवारी मुलांना घेऊन बसलेले उंट बघायला जात होतो.

हाजीची आई वर्षानुवर्षं घराबाहेर पडली नव्हती. हिंदी लोक तुझी गोष्ट करणार आहेत, असं त्याने सांगितल्यावर ती यायला तयार झाली.

"पहचानेगी ना?" त्याने मला विचारलं.

"बराबर पहचानेगी. ऊंट होगा. मेरा जबान."

जबान देऊन मी सेक्रेटरीकडे गेलो.

"उंट? पुस्तकात खेचर आहे."

"पुस्तकात चुकलंय. मूळ इराणी आहे, प्रस्तावनेतच लिहिलंय. आमच्या खालचा भट्टीवाला म्हणतो—"

"भट्टीवाला." त्याने चष्मा काढून पुसला. "अहो, एवढ्या देशांतल्या विद्वानांच्या हाताखालून गेलेली गोष्ट तुम्ही खुबूसवाल्याकडून तपासून घेणार?"

"पण खेचर असं गुडघे टेकून बसत नाही हो."

"आपलं बसेल. आत आपलीच मुलं आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नसेल जमत तर सांगा. आमच्या हिने एका छापील गोष्टीवरून नाटुकलं तयार ठेवलंय. पत्रिका उद्या छापायला जायचीय."

खेचर, मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की त्याचा चष्मा अजून पुसून झाला नव्हता.

नाटक शाळेच्या हॉलमध्ये झालं. इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केलेलं मराठी मुलं धडाधड म्हणत होती. पहिल्या रांगेत काळ्या अबायात हाजीची आई आणि शेजारी इस्त्रीच्या पायघोळ पांढऱ्या थोबमध्ये हाजी. भाषेचं अक्षर कळत नसताना म्हातारीने गोष्ट ओळखली. राजपुत्राने एक डोळा झाकून दाखवला, तिने हाजीची बाही ओढली. दुसऱ्याने दातावर बोट ठेवलं, ती हसली आणि पुढे सरकून बसली. आता काय येणार हे तिला ठाऊक होतं. मी विंगेत होतो, मला पण ठाऊक होतं.

मग राजपुत्र सांगू लागले ते मागे घडताना दिसावं म्हणून पुठ्ठ्याच्या लांब कानांचं, करड्या ब्लँकेटचं खेचर आलं आणि मधोमध गुडघे टेकून बसलं. म्हातारी हाजीला काहीतरी म्हणाली. हाजी काहीतरी म्हणाला. तिने पुन्हा विचारलं. या वेळी तो हातातली पत्रिका बघू लागला. तिने अबाया सावरला आणि परक्या घरी बसावं तशी शेवटपर्यंत सरळ बसून राहिली. टाळ्याही वाजवल्या. सेक्रेटरी मला म्हणाला, "बघा, बसलं की नाही?"

मी बाहेर हाजीला गाठलं. "क्या बोली?"

"पूछती थी, ये किसका कहानी है."

"तुमने क्या बोला?"

"बोला, मालूम नहीं." त्याच्या हातात पत्रिका होती. ठळक अक्षरांवर बोट ठेवून त्याने विचारलं, "ये क्या लिखा है?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "नाम है."

दुसऱ्या दिवशी रांगेत माझा नंबर आला. हाजीने सलाम केला, आणि वर जो होता तो खुबूस उचलून दिला. करपलेला नव्हता, फुगलेलाही नव्हता. सगळ्यांना मिळायचा तोच. त्यानंतर दुसऱ्या मजल्यापर्यंत एकही उडाला नाही. बायकोने आठवडाभर वाट पाहिली आणि मग खिडकी लावून घेतली.