पांढऱ्या पळसाचा पत्ता

भाऊ म्हणे, फुलसावंगीकडे एक पळस पांढरा फुलते. मले पटलं नाही. आमचा भाऊ दहातल्या नऊ गोष्टी रचून सांगते. म्हटलं, आपल्या डोळ्यानं पाहून येते.

सकाळीच दारव्ह्याहून यष्टीत बसली. बायांना अर्धं तिकीट, कंडक्टरनं पूर्ण तर फाडलं नाही ना, ते तपासून घ्या. दिग्रस, मग पुसद. पुसदले आलुबोंडा घ्याल तर आधी बोट लावून पाहा, माझा कालचा निघाला. पुढं जीप. ड्रायव्हर म्हणे, "दहा मिनिटांत निघतो, मावशी." बारा माणसं कोंबल्याशिवाय हलला नाही.

रस्ता मात्र पाहासारखा. पळसाले पान एक नाही, नुसती लाल फुलं. नाल्याकाठी धायटीची झुडपं, फांदीभर लाल नळ्या. उतरल्यावर एक तोडून चोखली. मध होता, मुंगीही होती.

तांड्यावर जमनाबाई नावाची म्हातारी भेटली. तिले विचारलं.

"पांढरा पळस? कोणं सांगतलं तुले?"

"भावानं."

"भाऊ मंतर-तंतर करते का?"

"किराणा इकते!"

तिनं माझी थैलीच उलटी केली. चाकू पडला.

"हा कायले?"

"काकडी कापाले."

"काकडी कुठं हाय?"

"जीपमध्ये खाल्ली ना, बाई!"

ती हसली नाही. चाकू अन् माझा मोबाईल तिनं पदरात बांधला. मले वाटे, ही मोबाईल घेऊन पळते. तिले वाटे, मी झाड नेते. अशा दोघी एकमेकीवर नजर ठेवत टेकडी चढलो.

झाड खरंच होतं. ताकासारखी पांढरी फुलं. पण बुंध्याची एका बाजूची साल सोललेली, मुळ्या उकरलेल्या. जमनाबाईनं त्यावर भिंत लिपल्यासारखी शेणमाती लिपली होती.

"मुळी तिजोरीत ठेवली की पैसा येते म्हणतात लोकं," ती म्हणे. "सुनेनं मोबाईलवर फोटो टाकला. आठ दिवसांत हे हाल. पल्याड दुसरं होतं, ते तर तोडूनच नेलं."

मी एक फूल उचललं. तिनं हातातून काढून घेतलं.

"पडलेलंच हाय ना!"

"पडलेलंही इथंच राहू दे."

राग आला, तशीच टेकडी उतरली. खाली आल्यावर तिनं मोबाईल देला, चाकूही देला.

घरी पाय ठेवत नाही तर भाऊ दारात. "पाह्यला? कोणता तांडा?"

"सगळे लालच होते," म्हटलं. बिचारा एकदाच खरं बोलला, अन् मीच त्याले खोटा पाडला. ते अजून टोचते. माझं लिहिलेलं तो वाचत नाही, ते बरं.

तुम्ही जा. होळीच्या आधी जा, धायटी चोखा, लाल पळस पोटभर पाहा. पांढऱ्याचं मात्र मले विचारू नका. तुम्ही चांगलेच असाल, पण मी तुमची थैली पाह्यली नाही. म्हणून वर गावाचं नाव बदललं हाय. जमनाबाईचंही.