माझ्याकडे दे, ठेवते

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. भाजीवाल्याच्या काट्यावरून माझी नजर हटत नाही. एसटीत कंडक्टर "सुटे उतरताना देतो" म्हणाला की उतरेपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत बसते. यवतमाळहून कळंबला रोज अपडाउन करणारी मी प्राथमिक शाळेतली बाई. शनिवारी मुलांना पैशाच्या सवयी शिकवते. माझे नियम दोनच. पैसे घेताना देणाऱ्यासमोर मोजून घ्यायचे, मग तो सख्खा मामा का असेना. आणि जो कागद देत नाही, त्याच्याकडे पैसे ठेवायचे नाहीत. पोरं हे पाढ्यासारखं घोकतात. माझी लेकही हेच ऐकत मोठी झाली.

मागच्या वर्षी ती दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे वाटले, नातेवाईक आले, वर रुपया चिकटवलेली पाकिटं आली. एरवी पाहुणे फाटकाबाहेर पडले की मी तिच्यापुढे हात करायचे, "माझ्याकडे दे, ठेवते." बारशापासून हेच चालत आलेलं. त्या दिवशी मात्र घर भरलेलं होतं, म्हणून पाकिटं तिच्याच खोलीत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने गठ्ठा स्वतःहून आणून दिला, न मागता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

पाकिटं उघडली आणि माझं डोकं फिरलं. सगळं गणगोत एकाच दिवशी कंजूस झालं होतं! राळेगावच्या नणंदेने तर कहर केला, शंभराच्या दोनच नोटा. तिच्या मुलाला बारावीला मी पाचशे दिले होते. घरचं बांधकाम काढलंय ना, आता भाची आठवत नसेल, असं मी नवऱ्याला ऐकवलं. तो पेपर वाचत राहिला.

दिवाळीनंतर त्याच मुलाचं लग्न ठरलं आणि राळेगावला साक्षगंध झालं. मीही पाकिटात मोजून दोनशे घातले, वर रुपया चिकटवला.

"कायले असं करून राह्यली? भाचा आहे माहा," नवरा म्हणाला.

"तिने केलं तेच मी केलं," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीतच उचलला.

"वहिनी, रागावू नका, पण तुमचं पाकीट कोणी फोडलं का? आत दोनशेच निघाले. हॉलवर बाहेरचे लोक लय होते, मले त्याईचाच संशय हाय. म्या पोरीले पाचशे टाकले, मंग तुम्ही दोनशे कायले टाकसान?"

"पाचशे?"

"हो न. शंभराच्या पाच कोऱ्या नोटा."

घाईत तीनशे बाहेरच राहिले असतील, असं काहीतरी मी पुटपुटले आणि लगेच मोबाइलवरून तीनशे पाठवले. माझ्यावर संशय घ्यावा हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुनी पाकिटं मी टाकत नाही, पुन्हा वापरते. कपाटातून गठ्ठा काढून खिडकीशी नेला. जवळजवळ प्रत्येक झाकणावर मूळ डिंकाची रेघ होती आणि तिच्यावर शाळेतल्या गोंदाचा दुसरा थर. इतके महिने मला हे दिसलं नाही, कारण माझी नजर बाहेरच्यांवर होती.

लेक कॉलेजातून आली. मी पाकीट तिच्यापुढे धरलं. ती घाबरली नाही, याचाच मला जास्त राग आला.

"थोडे थोडे ठेवले मी. माझेच आहेत," ती म्हणाली.

"चोरी म्हणतात याला!"

"स्वतःच्या पैशाची?"

"मागायचे होते."

"मागितले होते न. सातवीत, सायकलसाठी. तू म्हणाली, कुठले पैसे?"

मला ते आठवत होतं. सिलिंडर भरायचा होता, महिनाअखेर होती, मी खरंच तसं म्हणाले होते. मी तिला समजावू लागले की हे पैसे फिरते असतात, त्यांच्या मुलांना आपणही देतोच, त्यातूनच जातात. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग 'ठेवते' काहून म्हणत होती? देऊन टाकते म्हणायचं होतं. तूच सांगते न, कागद नसेल तर ठेवायचे नाही. मले कोणता कागद देला तू?"

मी आवाज चढवला, मग माझाच आवाज मला ऐकवेना. स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणीक मळत बसले. एवढ्या वर्षांत तिचे किती घेतले, हे मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्यांच्या पोरांना पासबुक जपायला शिकवणारी मी, आणि घरात माझीच पोर माझ्यापासून पैसे लपवत होती.

पुढच्या आठवड्यात बँकेतून दहा हजार काढले. आकडा अंदाजानेच ठरवला. नव्या पाकिटात घालून तिच्या खोलीत गेले.

"हे तुझे. चुकलं माझं."

तिने पाकीट घेतलं, नोटा काढल्या आणि माझ्यासमोरच मोजायला लागली. शाळेत कुणी असं मोजलं की मी शाबास म्हणते. इथे मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, न मोजता ठेव ना गं, एकदाच.

मोजून झालं. तिने नोटा नीट जुळवल्या आणि पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतल्या.