टूवूंबात ओदिलबाईंना जे विचारायचं नव्हतं

सिडनीहून टूवूंबाला गाडीने जायचं खरं कारण निसर्ग वगैरे काही नव्हतं. मला घाबरायला पुरेसा वेळ हवा होता.

झालं असं, की तिथल्या फिल्म क्लबातल्या ग्रेसचा फोन आला. मी टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत शिकत होते तेव्हापासूनची ही मैत्रीण. फ्रेंच गायिका आणि नटी ओदिल मारसाक त्यांच्या क्लबात येणार होत्या, दुपारी सिनेमा आणि नंतर स्टेजवर गप्पा. ठरलेला दुभाषी आयत्या वेळी आजारी पडला. "तू पुण्यात फ्रेंच शिकवायचीस ना? मग नो वरीज, मेट!" शिकवायचे, खरंय. पण सध्या मी सिडनीत एका कंपनीच्या पगारांचे हिशेब बघते आणि माझं फ्रेंच बेकरीत क्रोसाँ मागण्यापुरतं उरलंय. वर ग्रेसने अट सांगितली: "त्यांना गायला सांगायचं नाही. घशाच्या ऑपरेशननंतर गाणं बंद आहे. मागे एकदा कोणीतरी फर्माईश केली, तर बाई कार्यक्रम सोडून निघून गेल्या."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

घाईत असाल तर विमानाने ब्रिस्बेन गाठा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या. टूवूंबात बसच्या भरवशावर राहू नका. आम्ही मात्र सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरून पहाटे निघालो आणि न्यू इंग्लंड हायवे धरला. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि भडंग. नवरा, मंदार, गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून क्रियापदं घोकणार. टॅमवर्थपर्यंत त्याने सहन केलं. मग म्हणाला, "बास. त्या बाईंचं मला मराठीत सांग, म्हणजे निदान तुला काय बोलायचंय ते तरी कळेल."

सांगितलं. सतराव्या वर्षी सरबतावरचं एक उडतं गाणं गाऊन ओदिलबाई घराघरांत पोचल्या. मुली त्यांच्यासारखे कपाळावर केस कापून घेऊ लागल्या. मग सिनेमा मिळाला, पण निर्मात्याला त्यांचा आवाज फार साधा वाटला. पडद्यावर ओठ त्यांचे, गाणं दुसरीचं. पुढचे दोन सिनेमे आपटले आणि त्या गावी जाऊन राहिल्या. चाळिशीत परतल्या त्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोच्या भूमिकेत, मेकअपशिवाय, आणि तेव्हा कुठे लोक त्यांना नटी म्हणायला लागले. जुनी गाणीही पुन्हा वाजू लागली. नेमकं तेव्हाच घशाचं दुखणं निघालं.

"म्हणजे आवाज दोनदा गेला," मंदार म्हणाला.

आर्मिडेलला मुक्काम केला. तुम्हीही अंधार पडायच्या आत थांबा, संध्याकाळी कांगारू सरळ गाडीपुढे येतात. मोटेल आधी बुक करा आणि हीटर चालतो ना ते विचारा. आमचा चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी टेंटरफिल्डला पेट्रोल भरलं, बेकरीत मांसाचं सारण भरलेला 'मीट पाय' खाल्ला. मंदारच्या मते उत्कृष्ट होता. मला चवच लागली नाही.

टूवूंबाचा हॉल भरलेला होता. ओदिलबाई अगदी लहानखुऱ्या, निळा स्वेटर, आवाज खरखरीत. पहिले चार प्रश्न बरे गेले. एकदा मी 'निर्माता' आणि 'दिग्दर्शक' यांची अदलाबदल केली, कोणाला कळलं नाही. जरा श्वास घेते तोवर तिसऱ्या रांगेतले एक आजोबा ओरडले, "गिव्ह अस अ साँग, लव्ह!"

ग्रेसचा चेहरा पांढराफटक. 'साँग' तेवढं बाईंना कळलं असणार, कारण त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकले, उठायच्या तयारीने, आणि माझ्याकडे पाहिलं. भाषांतर न करून चालणार नव्हतं. ते जमेल तितकं मऊ करावं म्हणून मी घाईघाईने मनातल्या मनात मराठीत वाक्य जुळवलं आणि तसंच्या तसं फ्रेंचमध्ये बोलून गेले: एखादं गाणं म्हणाल का?

आणि धाबं दणाणलं. फ्रेंचमध्ये गाणं गातात, त्याला 'शाँते' हे क्रियापद. मी वापरलं होतं 'दीर', म्हणजे नुसतं बोलणं, म्हणणं. पुण्यातल्या वर्गात या चुकीवर मी लाल गोल केला असता.

ओदिलबाई थांबल्या. "म्हणू?" त्यांनी विचारलं. "गाऊ नको?"

चूक दुरुस्त करायची हीच वेळ होती. मला भयंकर भीती वाटत होती.

"नको," मी म्हणाले. "म्हणा."

त्या पुन्हा नीट टेकून बसल्या आणि त्यांनी तेच सरबताचं गाणं म्हटलं. चाल नाही, ठेका नाही, एकेक ओळ खरखरीत आवाजात. इतकी वर्षं मला ते गाणं बालिश वाटायचं. त्या दुपारी कळलं, त्यातली मुलगी दोन ग्लास मागवते आणि समोर कोणी येतच नाही. दोन ओळींनंतर मी भाषांतर थांबवलं. कोणी मागितलंही नाही. मला रडू येत होतं आणि माइक माझ्या हातात होता.

नंतर आतल्या खोलीत चहा घेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "सगळे मला सांगतात, गाऊ नका. 'म्हणा' असं कोणीच सांगितलं नव्हतं. हे कुठे शिकलीस?"

"शिकले नाही, चुकले," मी म्हणाले. "आमच्या भाषेत गाणं म्हणतात."

त्यांनी 'म्हणणे' म्हणून पाहिलं. फ्रेंच जिभेला ह काही झेपेना. 'मणणे, मणणे' करत त्या हसत राहिल्या.

येताना मी बराच वेळ झोपले, त्यामुळे परतीच्या रस्त्याबद्दल मंदारला विचारा. पुन्हा जाल का, असं कोणी विचारलं तर जाईन, पण प्रेक्षक म्हणून. इतकी भीती मला झेपत नाही. तरी तेव्हा चूक दुरुस्त केली असती तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

घरी पोचलो तर आमची लेक ईरा दारातच उभी. परीक्षेमुळे ती आली नव्हती. "सो, आई? डिड शी सिंग?"

हो म्हणायला तोंड उघडलं, मग नाही म्हणायला. दोन्ही खोटं वाटलं.

"गाणं म्हटलं त्यांनी," मी म्हणाले.

"वेट. म्हटलं मीन्स सेड ऑर सँग?"

"हो," मी म्हणाले.