धुतलेली चेन

नवं भांडं घरात आलं की आधी घासायचं, मगच वापरायचं, हे मला आईने शिकवलं. दुकानातली धूळ, दहा जणांचे हात, कुठे कुठे पडून आलेलं असतं कुणास ठाऊक! तर अंबाडीच्या दुकानातून भातकापणीच्या मशीनची नवी चेन आणली, तिला बोटाला चिकटणारं पिवळट, मेणचट काहीतरी फासलेलं दिसलं, आणि मी ती सरळ मोरीत नेली. आधी पेट्रोल, मग भांड्यांचा साबण, मग कढत पाणी. अशी लखलखीत निघाली की बाई, मला माझंच कौतुक वाटलं. उन्हात वाळवली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला मशीनची पूजा राहून गेली होती, तीही उरकली.

ती राहून गेली कारण मशीनचा मालक आजारी. पावसाच्या तोंडाशी ह्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तोंडात राहिलं ते एवढंच, ‘असू दे.’ चहा देऊ? असू दे. पंखा बंद करू? असू दे. भूक लागलीय का? असू दे, आणि डोळ्यांतून पाणी. आता ह्यातून माणसाने समजायचं तरी काय? भिवंडीच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, समज किती राहिलीय ते आत्ताच सांगता येत नाही. डॉक्टरांना सांगता येईना, तिथे मी कोण? सकाळी वाटायचं, ह्यांना सगळं कळतंय. दुपारपर्यंत वाटायचं, मी भिंतीशी बोलतेय.

माझे धाकटे दीर मात्र एकदम ठाम. रोज संध्याकाळी ओट्यावर यायचे, ह्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायचे आणि मला सांगायचे, “वहिनी, दादाला आता काय बी कळत न्हाय. मशीन विकून टाकू, गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. शेत गोडाऊनवाल्याला देऊ.” गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. शेवटी मी म्हटलं, “भावजी, जरा दम धरा. एकदा मशीन ह्यांच्यासमोर चालवून बघू. ह्यांनी ओळखलं तर ते दारात राहील. नाही ओळखलं तर खुशाल न्या.” जुनी चेन तुटलेली होती, म्हणून ही नवी आणायची खटपट.

आता हिला तेल द्यायचं. पण कुठलं? दुकानदाराने गडबडीत सांगितलं होतं, “नया चैन है, तेल मारते रहना.” कुठलं, कुठे, किती, काही नाही. शुक्रवार होता, भिवंडीतले कापडाचे लूम बंद, म्हणून शेजारचा मुलगा घरी होता. तो धामणकर नाक्याजवळ लूमच्या कारखान्यात जॉबर आहे, बिघडलेले लूम दुरुस्त करतो. म्हटलं, ह्याला विचारावं.

“काकू, पातळ ऑइल मारा. ग्रीज लावाल तर भुसा नि माती चिकटून बसेल.”

ओट्यावर बसलेले भावजी लगेच उसळले. “लूम वेगळा, शेत वेगळं. चांगलं जाड ग्रीज चोपडा, वहिनी.”

“अरे चाचा, ग्रीज अंदर जाएगाच नहीं!”

“तू मला शिकवतो?”

घ्या! दोघांची जुंपली, आणि मी मध्ये चेन हातात घेऊन उभी. दोघांचंही मन राखायला मी आधी ऑइल सोडलं आणि वरून ग्रीजचा हात फिरवला, आमटीला फोडणी द्यावी तसा. मग चेन वाकवून बघितली, तर किर्र किर्र. नवी कोरी चेन, वरून तेल गळतंय, आणि आतून वाळल्या फळीसारखी वाजतेय. का? शेजारचा म्हणाला, माल डुप्लिकेट. भावजी म्हणाले, ग्रीज कमी पडलं. माझं डोकं भणभणायला लागलं. चेन ताटात टाकून मी ह्यांच्यापुढे स्टुलावर ठेवली, शेजारी तेलाचा डबा ठेवला आणि रडकुंडीला येऊन विचारलं, “अहो, तुम्ही तरी सांगा, काय लावू?”

“असू दे.”

झालं! मी पदराने घाम पुसतेय तोवर ह्यांचा डावा हात पुढे आला. चेनचं टोक पकडलं, ओढलं, आणि अख्खी चेन बुदकन त्या तेलाच्या डब्यात. तेल माझ्या साडीवर, ओट्यावर, ह्यांच्या पायजम्यावर.

“बघितलं?” भावजी म्हणाले. “म्हणून सांगतो, डोकं गेलंय त्याचं.”

मीही चिडले. खोटं कशाला बोलू? “अहो, काय हे!” म्हणून चेन काढायला डब्यात हात घातला, तर ह्यांनी फाटकन माझ्या हातावर मारलं आणि डब्याचं तोंड पंजाने झाकून बसले. हलेचनात. आता हा पोरखेळ म्हणायचा, राग म्हणायचा, की आणखी काही? मला काही सुधरेना. मी दुकानदाराला फोन लावला, तेलकट हातांनी कानाला धरता येईना म्हणून स्पीकरवर टाकला, आणि चेन कशी धुतली इथपासून सगळं सांगितलं.

“साबण से धोया?” तो ओरडलाच. “काय केलंत, मॅडम! कंपनीचं ग्रीज चेनच्या आत भरलेलं असतं, पिनांमध्ये. ते तुम्ही काढून टाकलंत. आता वरून किती पण लावा, आत जाणार नाही. एकच इलाज. पूरी चैन तेल में डुबाके रखो, मुरू द्या. मग टांगा, निथळली की पुसून बसवा.”

आम्ही तिघांनी डब्याकडे बघितलं. डब्यात ह्यांच्या बोटांखालून बारीक बुडबुडे वर येत होते.

“कळतं!” मी किंचाळलेच. “भावजी, ह्यांना कळतं हो! सगळं कळतं!” मी हसत होते, रडत होते, शेजारच्याला धरून हलवत होते. आणि ‘सगळं’ हा माझाच शब्द माझ्याच कानावर पडला तशी मी थंड झाले.

सगळं म्हणजे काय काय? गिऱ्हाईक. गोडाऊन. बघायला येणारे नातेवाईक ह्यांच्या पुढ्यात म्हणायचे, सुटला तर बरं, आणि मी त्यांना चहा द्यायचे. श्रावणात बहिणीचा फोन आला होता, तेव्हा मी ह्याच ओट्यावर, ह्याच खुर्चीशेजारी उभी राहून म्हटलं होतं, असं ठेवण्यापेक्षा देवाने नेलं असतं तर दोघंही सुटलो असतो.

ह्यांनी मान उचलली आणि भावजींकडे बघितलं, सरळ, डोळ्याला डोळा लावून. भावजी गडबडून उठले आणि चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

मग हे माझ्याकडे वळले.