अंबूताईंचा दुसरा टीव्ही

...तर टीव्हीवर ते चाक गरगर फिरत होतं, काल इथवर आलो होतो. चित्र अडकलेलं, आणि रात्री साडेआठच्या सुमारास अंबूताई माझ्या दारात, "अण्णा, एकदा येऊन बघा की," म्हणून. आमच्याच अग्रहार गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान, मागे दोन खोल्या. चाळीस वर्षं ब्लाउज शिवून डोळे अधू झाले, हात मात्र शाबूत.

मी गावच्या शाळेतला सातवी पास. पण टीव्हीचे आजार मला कळतात. नात मधुमितानं शिकवलंय. आधी टीव्हीची वायर काढायची, दहा अंक मोजायचे. मग वायफायची डबी बंद करून चालू करायची. तरी नाही तर ॲप काढून पुन्हा टाकायचं. इथं डबीवर बाईंनी अस्तराच्या कापडाचा गठ्ठाच ठेवलेला! तो उचलला, डबी चालू केली, चाक थांबलं. मी खूश.

तेवढ्यात निरोप उमटला: 'हे खातं दुसऱ्या टीव्हीवर चालू आहे.'

एका वेळी एकच टीव्ही चालणारं खातं ते. अंबूताई कॉफी करायला आत गेलेल्या. म्हटलं, कोणी फुकट्या चिकटलाय. उपाय तोंडपाठ होता. सगळीकडून बाहेर काढलं, नवा पासवर्ड घातला. सिनेमा सुरू.

"चोराला हाकललं बघा!" त्या बाहेर येताच मी म्हणालो.

"कुठला चोर?"

मी निरोप सांगितला. कप ठेवताना कॉफी बशीत सांडली.

"हर्ष तो, अण्णा."

हर्ष त्यांचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, मी सुई धरणार नाही. ह्या म्हणाल्या, मग या घरात जेवायलाही येऊ नकोस. तो होसूरला कारखान्यात लागला. तेव्हापासून फोन नाही. आईचं खातं मात्र त्याच्या तिथल्या खोलीतल्या टीव्हीवर तसंच चालू राहिलं. लहानपणापासून टीव्ही लावल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. म्हणून ह्या रोज रात्री साडेआठला टीव्ही लावायच्या. निरोप दिसला, की पोरगं जेवायला बसलं. लगेच बंद करायच्या आणि आपलं ताट वाढून घ्यायच्या. पोराच्या आधी आईनं जेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

आणि मी तिथं बसून चोर हाकलल्याच्या बढाया मारत होतो.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. साडेआठ होऊन गेलेले. टीव्हीवर सिनेमा चाललेला, एकदाही न अडता. बाई त्याच्याकडे बघत बसलेल्या. बाजूला पाटावर ताट, वर दुसरं ताट पालथं.

"अंबूताई, मी लावतो त्याला फोन. नवा पासवर्ड सांगतो, झालं."

"बेडा, अण्णा, फोन नको. तुम्ही जुनाच पासवर्ड परत घाला की. त्याला तोच ठाऊक आहे. आला तर कळेल मला. तोवर मला भूक नाही म्हणा."