गच्चीवरची खडी

शालिककाका गेले त्या सकाळी मी बाल्कनीत चहा पीत उभा होतो. खाली, आमच्या सोसायटीच्या फाटकापासून शंभरेक पावलांवर, एक डंपर आडवा थांबला होता आणि त्याच्याभोवती गर्दी जमत होती. आमच्या रस्त्याला डंपर काय नि गर्दी काय, रोजचंच. आता ऑफिसला उशीर होणार, असं स्वतःशी पुटपुटून मी आत गेलो आणि दाढी केली. दोन तासांनी विश्रांतवाडीहून काकूंचा फोन आला. "अभय, हे गेले रे... तिकडं बाणेरच्या पलीकडं, तुमच्या त्या माळावर. माळ कुठला राहिलाय तिथं आता? डंपर मागं येत होता म्हणे, यांना ऐकूच आला नाही." मग त्यांनी रस्त्याचं नाव सांगितलं. मी पुन्हा बाल्कनीत जाऊन खाली पाहिलं. डंपर गेला होता. रस्त्यावर कुणीतरी माती पसरली होती आणि तिच्यावरून स्कूटरी जात होत्या.

याला आता चार आठवडे होतील. काकांबरोबर कधी ना कधी रानात भटकलेली पुष्कळ माणसं या शहरात आहेत. भेटेल तो विचारतो, "अरे, सत्तरी उलटलेला माणूस, दोन बस बदलून एवढ्या सकाळी तिकडे कशाला गेला होता?" मी "कोण जाणे" म्हणतो आणि विषय बदलतो. पण मला दुसरा काही विचारच सुचत नाही. काका माझ्याकडे येत होते का? मी तिथे राहतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. निदान नसावं. सहा वर्षं मी ते त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं.

शालिक गजभिये मूळचे भंडाऱ्याकडचे, जंगलाला लागून असलेल्या गावातले. विशीत पुण्याला आले, खडकीच्या बाजूला एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि तिथल्या धडधडाटात डावा कान घालवून बसले. पुढे उदारीकरणाचं वारं आलं आणि कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती आली. तीत स्वेच्छा नक्की कुणाची होती, हे काका कधी सांगत नसत. घरात बसवेना म्हणून रविवारी चार लोकांना घेऊन माळावर जाऊ लागले आणि बघता बघता आयटीवाल्यांचे लाडके 'पक्षीवाले काका' झाले. आमच्या कंपनीनं एकदा 'टीम बिल्डिंग' म्हणून आम्हा वीस जणांना त्यांच्या हवाली केलं, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. डोक्याला खाकी कापडी टोपी, पायात कारखान्यातले जुने बूट, आणि गळ्यात दुर्बीण नाहीच. कुणीतरी त्यांना 'सर' म्हणालं. "मी फिटर आहो बाप्पा, सर नाही," ते म्हणाले, "आन् पहिले ते फोन बंद करा."

त्यांची पद्धत न्यारी होती. चालायला लागण्याआधी सगळ्यांना डोळे मिटून पाच मिनिटं उभं करायचे. मग एकेकाला विचारायचे, काय काय ऐकलं? आम्ही आपले "पक्षी" म्हणून मोकळे. ते उजवा कान पुढे करून उभे असत आणि आमच्या दुप्पट आवाज मोजून दाखवत. आणि एक नियम होता, त्याला सवलत नाही. टिटवी ओरडली की जिथे असाल तिथे थांबायचं आणि खाली बसायचं. काकांचा हात वर गेला की वीस माणसं मटकन बसायची. पहिल्याच दिवशी आमच्यातली एक मुलगी घाबरली. तिची आजी सांगायची म्हणे, टिटवी घरावरून ओरडत गेली की कुणीतरी जातं. काका हसले नाहीत. म्हणाले, "टिटवी मरण नाही सांगत. माणूस आला, एवढंच सांगते. आपण खाली बसलो का दहा मिनिटांत ती आपल्याले विसरते." आम्ही बसलो. दहा मिनिटांत ती खरंच गप्प झाली आणि पलीकडे गारगोट्यांत जाऊन बसली. तिथे चार अंडी होती. हुबेहूब गोट्यांसारखी, ठिपक्याठिपक्यांची. काकांनी दाखवली नसती तर माझा बूट त्यांच्यावर पडला असता.

मग मी दर रविवारी जायला लागलो. हळूहळू त्यांचा हरकाम्या झालो म्हणा ना. माळाच्या एका अंगाला ओढा होता, दुसऱ्या अंगाला बाभळी, आणि मधे नुसतं वाळलेलं गवत. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं माझी बायको मेधा विचारायची, आणि मी बूट घालून निघायचो. एका मार्चात आम्ही गेलो तर माळभर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या आणि लाल चिंध्या बांधलेले खुंटे ठोकलेले. टिटवीनं त्या वर्षी नेमकी रेघेच्या आत अंडी घातली होती. दुसऱ्या दिवशी खोदणारं यंत्र येणार, असं तिथल्या राखणदारानं सांगितलं. लोक पांगल्यावर काकांनी मला थांबवलं, एक खुंटा दोन्ही हातांनी उपटला आणि म्हणाले, "पाहून काय राहिला? दुसरा घे." आम्ही दोघांनी पाच खुंटे वीस पावलं मागे सरकवले, जुनी रेघ बुटांनी पुसली. माझी तर पाचावर धारण बसली होती. मोजणीवाल्यांना घोळ कळायला आणि ते परत यायला तीन आठवडे लागले. तोवर पिल्लं निघून गवतात पळाली होती. त्या दिवसाइतके खूश काका मी पुन्हा पाहिले नाहीत.

आणि दोन वर्षांनी त्याच जागेवर मी फ्लॅट घेतला. लाज वाटते, पण आता गेलेल्या माणसामागे खोटं काय बोलायचं? आयटी पार्क जवळ, मुलीची शाळा जवळ, पाच मजल्यांची बुटकी इमारत, आणि मी नाही घेतला तर दुसरा घेणारच. मेधा म्हणाली, "काकांना सांग स्वतःहून." मी सांगितलं... पण पौड रस्त्याला घेतला म्हणून. काकांनी तोंड गोड करायला पेढा घेतला आणि एकच विचारलं, "गच्ची सपाट आहे का? मग चार घमेली खडी टाक वर. माळ गेला का बिचाऱ्या गच्चीवर येतात अंडी घालायले." मी "टाकतो" म्हणालो आणि जिना उतरेपर्यंत विसरलोसुद्धा. त्यांनी घर पाहायला येऊ का, असं एकदाही विचारलं नाही. तेव्हा मला त्यात सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुढे त्यांचा उजवा कानही मंदावत गेला. त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघून हात वर करायचे. मला ते कळलं होतं, पण कुठल्या तोंडानं विचारायचं? शेवटच्या फेरीला आम्ही सिंहगडाच्या बाजूच्या एका पडीक रानात गेलो होतो. नवी मंडळी होती, आपापसात बोलण्यात गुंगलेली. टिटवी डोक्यावर येऊन नुसती किंचाळत होती. काका सरळ चालत राहिले. मला वाटलं, आता थांबतील, आता हात वर जाईल... हात वर गेला नाही. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, तेव्हा त्यांच्या बुटात आणि अंड्यांत वीतभर अंतर होतं. त्यांनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं. पक्षी चोच उघडून घिरट्या घालत होता.

"ओरडून राहिली का?"

"हो, काका."

"किती वेळची?"

"बराच वेळ."

त्यांनी टोपी काढली, सगळ्यांना खाली बसवलं, आणि त्या दिवसानंतर पुन्हा कुणालाही घेऊन गेले नाहीत. मी चार-सहा वेळा विश्रांतवाडीला जाऊन आलो. चहा व्हायचा, भंडाऱ्याच्या गोष्टी व्हायच्या. ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत ऐकायचे. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

परवा काकूंना भेटायला गेलो. परत निघताना त्यांनी ती खाकी टोपी माझ्या हातात दिली. "तूच ठेव. घरात दिसली की मी सारखी दाराकडं बघते." टोपी घेऊन मी आमच्या फाटकातून आत शिरलो तर वॉचमन मारुतराव उठून उभाच राहिला. टोपीकडे बघत म्हणाला, "साहेब, ही त्या काकांची हाय न्हवं?"

मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसलो. मारुतराव हळूहळू बोलत गेला. काका चार वर्षांपासून यायचे. बांधकामाची उरलेली खडी त्या दोघांनी घमेल्यानं गच्चीवर नेली होती. दर उन्हाळ्यात टिटवी तिथे बसायची. अंडी दिसली की मारुतराव त्यांना मेसेज टाकायचा. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच पळतात, आणि पाच मजल्यांवरून पडली तर संपलंच. म्हणून काका त्यांना याच टोपीत घालून जिन्यानं खाली आणायचे आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोडायचे. "आदल्या रात्री मीच मेसेज टाकला हुता, साहेब. म्हणलं, काका, चार अंडी हायत. नसता टाकला तर..."

मी सोसायटीचा सचिव आहे. दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या खडीबद्दल कुणीतरी तक्रार केली, तेव्हा खालच्या फळ्यावर मी झोकात सूचना लावली होती: 'गच्चीवर खडी टाकणाऱ्याने ती आधी स्वतःच्या दिवाणखान्यात टाकून पाहावी. खडी उद्यापर्यंत काढून टाकण्यात येईल.' खाली माझी सही, पूर्ण नावानिशी. लोकांनी कौतुक केलं होतं, काय खास पुणेरी लिहिलंय म्हणून.

"काकांनी वाचली ती?" मी विचारलं.

"वाचली की. लई वेळ हुभं हुते. मग हसले. म्हणाले, हा आपलाच पोरगा हाय. मी म्हणलं, बोलावू का साहेबांना, तर म्हणाले, नगं, त्याला लाज वाटंल. मग आम्ही खडी झाडून टाकीमागं लपवली आन् हप्त्यानं परत पसरली. तुम्ही काय वर येतच न्हाई."

म्हणजे दोन वर्षं त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्याच जिन्यावरून, माझ्या दारासमोरून ते टोपीत पिल्लं घेऊन उतरत होते, आणि विश्रांतवाडीला मला चहा पाजताना पौड रस्त्याचं घर कसं आहे म्हणून विचारत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी मारुतरावनं हाक मारली, एका अंड्याला आतून तडा गेलाय म्हणून. मी टोपी घेऊन पहिल्यांदाच गच्चीवर गेलो. दार ढकललं आणि टिटवी अंगावरच आली. डोक्यावरून घिरटी, पुन्हा घिरटी, आणि तो कान फाडणारा आवाज. मी जिथे होतो तिथे थांबलो, खाली बसलो, टाकीला पाठ टेकली, टोपी मांडीवर उलटी धरली. काकांनी शिकवलं होतं अगदी तसं. दहा मिनिटांत ती आपल्याला विसरते.

मी घड्याळ पाहिलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. ती अजून ओरडत होती.